सासूबाई वर जाऊन आल्या

“माझ्या लेकाची जागा रिकामी झालेली नाही! तो वर तुझी वाट बघतोय... त्याला काय तोंड दाखवणार आहेस तू?”

सासूबाईंचा आवाज चढला, हातातला पावाचा ट्रे खणखणत जमिनीवर आदळला आणि दारात उभा असलेला, त्यांच्या घरच्या बेकरीला पीठ पुरवणारा पीठवाला मान खाली घालून निघून गेला. बिचाऱ्याने लग्नाचं विचारलं होतं ते किती साध्या शब्दांत! त्याची बायको जाऊन बरीच वर्षं लोटली होती, माणूस सरळ होता, आणि या घरच्या सुनेने जन्मभर एकटीने भट्टीपुढे होरपळत राहावं हे त्याला बघवत नव्हतं, एवढाच काय तो त्याचा गुन्हा!

सून खाली वाकून निमूटपणे पाव गोळा करू लागली.

नवरा गेला तेव्हा ती माहेरी होती. तिला आणायला म्हणून तो भर वादळात निघाला आणि नदीने त्याला परत दिलंच नाही. “तुला आणायला गेला आणि गेला!” हे वाक्य सासूबाई एकदाच बोलल्या होत्या, पण सुनेच्या अंतःकरणात त्याचे घाव रोज पडत होते. तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं... या जन्मी सोसायचं, अवाक्षर न काढता सोसायचं, म्हणजे पलीकडे त्याच्यासमोर निष्कलंक उभं राहता येईल. नाहीतर देवाने एवढ्या यातना दिल्या तरी कशासाठी? त्यांना काही अर्थ असायलाच हवा ना! आणि तरीही पीठवाल्याची गाडी गल्लीत वळली, की तिचा हात आपसूक केस सारखे करायला जाई, आणि मग त्या हाताचीच तिला लाज वाटे.

पाव गोळा करून ती उठली आणि पाहते तो काय, सासूबाई छातीवर हात दाबून भिंतीला टेकत टेकत खाली सरकत होत्या!

दवाखान्यात त्या बेशुद्ध पडून राहिल्या. डॉक्टर नुसतेच मान हलवून जात. सून त्यांचे गार पडलेले तळवे चोळत बसली होती. सगळ्या बंदिस्त वर्षांचा बांध एकाएकी फुटला आणि ती हुंदके देत म्हणाली, “आई, जाऊ नका हो... मला रागवायला तरी राहा! तुम्ही गेलात तर त्यांच्या आठवणी मी कुणाशी बोलू?”

उजाडता उजाडता सासूबाईंनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न टाकला, “भट्टी बंद ठेवलीस होय गं?”

सून रडता रडता हसली.

“रडू नकोस. इकडे ये,” सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. “मी वर जाऊन आले. तो भेटला मला.”

सुनेचा लगेच विश्वास बसला! कारण या घरात शिळा पाव कधी ताजा म्हणून विकला गेला नव्हता. “खोटं बोलणाऱ्याला वरचं दार उघडत नाहीत, आणि मला माझ्या लेकाला भेटायचंय,” असं म्हणत सासूबाईंनी गिऱ्हाइकं गमावली होती, पण जीभ विटाळू दिली नव्हती.

“काय... काय म्हणाले?”

“माझ्याशी धड बोलेचना. म्हणाला, तिला रडवून आलीस ना? मी म्हटलं, अरे, एवढं दुःख आमच्या वाट्याला आलं तरी कशाला? तर हसून म्हणतो, ते इथेही कुणाला धड माहीत नाही! पण रडत बसणाऱ्याला इथे कुणी शाबासकी देत नाही. पीठ मळतात, तिंबतात, ते पाव व्हावा म्हणूनच ना? नुसतं मळतच बसलीस तर ते आंबून फुकट जाईल. आई, तिला मोकळी कर, असं म्हणाला बघ.”

भीत भीत सुनेने विचारलं, “माझं नाव कसं घेतलं हो त्यांनी? एकांतात ते मला एका वेगळ्याच नावाने हाक मारायचे...”

सासूबाई गोंधळल्या. पांघरुणाचं टोक चाचपू लागल्या. “नाव... नाव नाही घेतलं बाई. घाईत होता.”

“वर कसली घाई?”

त्या कठोर चेहऱ्यावर चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखे भाव पाहताच सुनेच्या मनात लख्ख उजेड पडला!

“आई... तुम्ही खोटं बोललात? माझ्यासाठी?”

सासूबाईंचे डोळे भरून आले. “वर कुणी भेटलं नाही गं. नुसता अंधार होता, आणि त्या अंधारात एकच आवाज... तुझा. माझ्या रागासाठीसुद्धा कुणी असं रडतं? मी सरळ ‘जा’ म्हटलं असतं तर तू गेली नसतीस. त्याचं नाव घेतल्याशिवाय तू ऐकणार नव्हतीस.”

“पण मग वरचं दार... त्यांची भेट...?”

“नाही उघडलं तर नाही! लेक वर आहे, तशी इथेही एक लेक आहे... आजवर मीच सून सून करत राहिले!”

“आई!” सून त्यांच्या कुशीत शिरली. कितीतरी वर्षं कुणी तिच्या पाठीवरून असा हात फिरवला नव्हता! ज्या मातृहृदयाने पुत्राच्या भेटीची एकमेव आशा आपल्यासाठी पणाला लावली, त्याला काय म्हणावं? यातनांचा अर्थ तिला अजूनही कळला नव्हता, पण त्यांचं ओझं मात्र कुठल्या कुठे पळालं होतं.

डोळे पुसत ती म्हणाली, “तुम्ही आधी गेलात तर दारातच थांबा हं. मी येऊन तुमची साक्ष देईन. बघते कोण अडवतं ते!”

“अगं, पण तोवर किती वर्षं उभी राहू? पाय मोडतील माझे!”

“म्हणून तर म्हणते, एवढ्यात जायचंच नाही!”

दोघी इतक्या हसल्या की परिचारिका धावत आली. तिच्या मागोमाग दारात पीठवाला उभा होता. बातमी ऐकून, तसाच अंगाला पीठ माखलेला आला होता, पण आत पाऊल टाकायचा त्याला धीर होत नव्हता.

सासूबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग उशीवर मान सावरत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “उभे का, जावईबापू? या, बसा. माझ्या लेकीबद्दल तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं ना? आता नीट विचारा!”