पेनाची जीभ

माधवीने पेन जोरात झटकलं आणि लाल शाईचा टपोरा थेंब शेजारच्या सरांच्या पांढऱ्या बाहीवर जाऊन बसला. अमरावतीच्या पेपर तपासणी केंद्रातला तिचा पहिलाच दिवस, आणि बाईंनी अनोळखी माणसाला लाल खूण करूनही टाकली!

“सॉरी सर! माझ्या आबाजींचं जुनं पेन आहे. आज काहून रुसून बसलं, समजूनच नाही राहिलं...”

सरांनी बाहीकडे पाहिलंसुद्धा नाही. “झटकू नका त्याले. शाई कोणती भरली?”

“लाल शाई सरली होती... म्हणून स्टॅम्पपॅडची भरली.”

सर मान खाली घालून हसले. “शिक्क्याची शाई घट्ट असते, मॅडम. जीभ चोंदली याची.”

“पेनाले जीभ असते?”

“निबखालची ही काळी पट्टी पाहा. हिच्या खाचेतून शाई उतरते. ही अडकली, की पोटात कितीही असू द्या... कागदावर काहीच येत नाही.”

हे ललित सर. अमरावतीच्याच कॉलेजात इतिहास शिकवायचे. त्यांनी चहावाल्याकडून ग्लासभर पाणी मागवलं — कोमट, उकळतं नको, नाहीतर जीभ वाकडी होते म्हणे. निब आणि जीभ अलगद ओढून त्यात बुडवली. पाणी लाल झालं की बदलायचं, पुन्हा बुडवायचं. मग प्लास्टिकच्या पातळ पट्टीने खाच साफ करायची. माधवी बघतच राहिली. दुसऱ्याची वस्तू इतकी जपून हाताळणारा माणूस तिने पाहिलाच नव्हता. बघण्याच्या नादात एका उत्तराला तिने दोनदा मार्क दिले, ते ललितनेच हळूच दाखवून दिलं. उरलेली सफाई करायला संध्याकाळी तो पेन घरी घेऊन गेला.

अकोल्याच्या घरी माधवी बोलायला लागली की कुकरची शिट्टी कुणाला ऐकू जात नसे. इथे मात्र तिचे शब्द घशातच राहू लागले. तिला तो आवडला होता, अगदी मनापासून. आणि रविवारी घरी तिला पाहायला पाहुणे येणार होते.

तपासणीचा शेवटचा दिवस उजाडला. ललित तोच शर्ट घालून आला.

“डाग निघाला नाही का, सर?”

“काढला नाही,” तो म्हणाला आणि नवी लाल शाई भरलेलं पेन त्याने तिच्यापुढे धरलं. “याची जीभ मोकळी झाली. पहिल्या दिवशी किती बोलत होत्या तुमी... आता गप्प काहून?”

माधवीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. संध्याकाळच्या गाडीने ती अकोल्याला निघणार होती. आत्ता नाही, तर कधीच नाही! तिने कोरा कागद ओढला आणि एका दमात लिहिलं — ‘रविवारी मले पाहायले पाहुणे येऊन राहिले. ते तुमीच असले तर?’

ललितने वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिच्या हातातून पेन घेऊन गंभीर चेहऱ्याने बरोबरची खूण केली, आणि खाली मार्क दिले : दहापैकी साडेनऊ.

“अर्धा काहून कापला?” तिने विचारलं.

“उत्तर अपूर्ण आहे, मॅडम.” तो मान खाली घालून हसत होता. “पत्ताच नाही लिहिला. आईले घेऊन येऊ कुठं?”

माधवीने पत्ता लिहिला, पिनकोडसकट. पेन कुठेच अडलं नाही.