ह्याला कोणता अडॅप्टर लागेल?

"परदेशात चालेल असा एक अडॅप्टर द्या," ती घाईघाईने म्हणाली. दोन वर्षांची नोकरी लागली होती, शनिवारचं विमान होतं आणि बाईसाहेबांची बॅग अजून माळ्यावरच होती.

"परदेश म्हणजे नक्की कुठे?" काउंटरमागच्या तरुणाने विचारलं. "प्रत्येक देशाच्या भिंतीला वेगळी भोकं असतात हो."

तिने देश सांगितला. त्याने तीन-चार अडॅप्टर काढले, एकेकात प्लग खोचून हळूच हलवून पाहिला. जरा सैल लागला की बाजूला! एवढ्याशा वस्तूसाठी इतका जीव ओतणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला... आणि मग पाहतच राहिली.

"बरोबर काय काय नेताय?"

"लॅपटॉप, फोन, हेअर ड्रायर."

"पहिले दोन कुठेही रुळतात. ड्रायर मात्र घरीच ठेवा. अडॅप्टरने फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब नाही. तिथे दाब निम्मा. ड्रायर नुसती फुंकर मारत बसेल."

"मग ओल्या केसांनी फिरू?"

ती नुकतीच पोहून आली होती. त्याची नजर क्षणभर तिच्या केसांवर थबकली.

"वाईट नाही दिसत..." तो बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या दिवशी ती इस्त्री घेऊन आली. त्यानंतर किटली. दोन्हींवरचे बारीक आकडे त्याने डोळ्यांजवळ नेऊन वाचले, दोन्ही वेळा नकार दिला. नकारच मिळणार हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तो वाचताना भुवया आक्रसायचा ना, ते तिला फार आवडायचं!

शुक्रवारी तिने पिशवीतून गजराचं घड्याळ काढलं. त्याने ते उलटंसुलटं केलं, मागे पाहिलं, खाली पाहिलं.

"अहो... ह्याला वायरच नाही. सेलवर चालतं हे."

"माहितेय," ती म्हणाली. उद्या विमान. आज हा बोलला नाही, तर संपलंच.

तो घड्याळाचे सेल काढून पुन्हा बसवू लागला. शेवटी मागच्या स्टुलावरून दुकानाचे मालक खेकसले, "अगं, हा माझा भाचा. नाटकाच्या लाइट्स करतो. माझी कंबर धरली म्हणून इथे बसला. कंबर परवाच सुटली, पण हा हलेल तर शपथ!"

"मामा!"

"मी चहाला जातो," म्हणत मामा ताठ कंबरेने बाहेर पडले.

भाच्याने खुंटीवरून ती जाणार त्याच देशाचा आणखी एक अडॅप्टर काढला. त्यातही प्लग खोचून पाहिला.

"हा कुणाला?" तिने विचारलं.

"मला. नाटकाचा सीझन संपला की येईन म्हणतो... म्हणजे, तू ये म्हणालीस तर. तू मला फार आवडतेस."

अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. तिने त्याच्या हातातून तो अडॅप्टर घेतला आणि परत खुंटीला अडकवला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"दुसरा कशाला?" ती म्हणाली. "एकातच भागवू आपण."