वारा कापणारा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

आणि आधीच सांगून ठेवतो, ही रात्रीची गोष्ट नाही.

हे घडलं लख्ख उजेडात. सकाळी सात ते आठच्या दरम्यान. साल १९७३. चक्रधरपूरहून रांचीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या घाटात.

घडलं ते माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत. भालचंद्र पोंक्षे. आम्ही त्याला भालूमामा म्हणायचो. रेल्वेत नोकरीला, बदली होऊन कलकत्त्याला गेलेला. गार्डन रीचला ऑफिस आणि तिथेच क्वार्टर. घरात तो, सरोजमामी आणि पाच वर्षांची लीना.

मामाला वेड एकच. सायकल.

आता कलकत्त्यात सायकलचा सराव करायचा म्हणजे वाळवंटात पोहायला शिकण्यासारखं. सगळं गाव तळहातासारखं सपाट. चढ म्हणजे काय तो हावडा ब्रिजचा नाही तर ढाकुरियाच्या पुलाचा, तोही दोन मिनिटांत संपतो. म्हणून मामा शनिवारी ऑफिस सुटलं की सायकल गाडीच्या सामानाच्या डब्यात टाकायचा आणि रेल्वेच्या पासावर चक्रधरपूर गाठायचा. रविवारी सकाळी घाट चढायचा, सोमवारी सकाळी घरी. ऑफिसातले बंगाली बाबू चिडवायचे, "पोंक्षेबाबू, आबार पाहाड?" म्हणजे, पुन्हा डोंगर? मामा हसून सोडून द्यायचा.

हे सगळं त्याला शिकवलं रघुनाथराव बापटांनी. बापट बालीगंजचे, जन्मच कलकत्त्यातला. पन्नाशीचे, पण तरुणांना दमवणारे. दोघं जोडीने जायचे.

जोडीने सायकल चालवण्याचा एक नियम असतो. पुढचा वारा कापतो. मागचा त्याच्या चाकाला चाक लावून, त्याच्या आडोशाने येतो. मागच्याला निम्मेच कष्ट. म्हणून दर किलोमीटरच्या दगडाला बारी बदलायची. पुढचा बाजूला होतो, मागचा पुढे येतो.

बापट म्हणायचे, "आडोसा घ्यायचा आणि आपली बारी आली की मागे राहायचं, हा पंगतीत जेवून वाढायच्या वेळी पळून जाणारा माणूस. त्याच्याशी मी बोलतसुद्धा नाही."

त्या हिवाळ्यात बापटांचा गुडघा गेला. मामा एकटा जायला लागला.

चैत्रात रेल्वेच्या संघाची निवड होती, त्याच घाटात. अकरा किलोमीटरचा चढ, चाळीस मिनिटांच्या आत. मामाचं वय तेहेतीस. यंदा नाही तर कधीच नाही. आणि कितीही जीव काढला तरी त्याला त्रेचाळीस मिनिटं लागत होती. कारण सकाळी त्या घाटात वरून खाली वारा सुटतो. थेट छातीवर.

निवडीला दोन आठवडे उरले होते. रविवार. सकाळचे सात.

मामा तिसऱ्या वळणावर पोचला, आणि...

वारा थांबला.

त्याला वाटलं, पडला असेल वारा. पण दोन्ही बाजूंना साल वृक्ष सळसळत होते. रस्त्यावरची वाळकी पानं त्याच्या अंगावरून मागे उडत जात होती.

फक्त त्याच्या अंगाला वारा लागत नव्हता. शर्टाची कॉलरसुद्धा हलत नव्हती.

मग त्याला आवाज आला... टिक्, टिक्, टिक्...

पायडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून येते ती टिकटिक. त्याचे स्वतःचे पाय तर चालू होते.

आवाज पुढून येत होता. हातभर पुढून.

पुढे कोणीही नव्हतं.

शहाणा माणूस तिथूनच मागे फिरला असता. मामा फिरला नाही. कारण सायकल कधी नव्हे इतकी हलकी चालली होती. वर पोचून त्याने घड्याळ पाहिलं. एकोणचाळीस मिनिटं!

भीती वाटली का, असं मामीने नंतर विचारलं होतं. मामा म्हणाला, "वाटली. पण आनंद जास्त झाला."

पुढचा रविवार. पुन्हा तिसरं वळण. पुन्हा सगळं शांत. पुन्हा टिक्, टिक्...

पण या वेळी चौथ्या किलोमीटरच्या दगडाशी वारा एकदम तोंडावर आदळला. टिकटिक बाजूला सरकली. त्याच्या उजव्या खांद्याजवळून... हळूहळू मागे गेली... आणि त्याच्या मागच्या चाकाशी येऊन थांबली.

मामाला लगेच कळलं. कोणाही सायकलवाल्याला कळलं असतं.

जो कोणी होता, तो नियमाने चालला होता. आपला वारा कापून झाला. आता तू.

मामाने काय करावं? त्याने ब्रेक दाबला.

सायकल इतकी हळू केली की मागच्याला पुढे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. क्षणभर काहीच झालं नाही. मग टिकटिक पुन्हा खांद्याजवळून पुढे गेली, आणि वारा थांबला.

पुढच्या प्रत्येक दगडाशी हेच. प्रत्येक वेळी वारा तोंडावर यायचा, प्रत्येक वेळी मामा ब्रेक दाबायचा.

नवव्या दगडाशी मात्र टिकटिक पुढे जाईना. मागेच थांबून राहिली. आणि मामाच्या मानेवर कुणाचा तरी श्वास लागला... गार.

मामा घाबरला. आणि घाबरलेला माणूस बोलू नये ते बोलून जातो. तो मोठ्याने म्हणाला, "आज राहू दे. पुढच्या रविवारी मी कापतो. लीनाची शपथ!"

टिकटिक पुढे गेली.

आपल्याकडे मुलांची शपथ उठता-बसता घेतात. भाजी घेताना घेतात, पत्ते खेळताना घेतात. मामानेही तशीच घेतली.

पुढचा रविवार निवडीचा होता.

मामाने मनाशी ठरवलं होतं म्हणे, की आज आपली बारी द्यायची. पण वर घड्याळ लावून साहेब बसलेले, मागेपुढे दोन-दोन मिनिटांच्या अंतराने बाकीचे स्पर्धक. चौथा दगड आला, वारा आला, टिकटिक मागे गेली. आणि मामाने ब्रेक दाबला.

सगळ्या दगडांना दाबला. शेवटच्यालाही.

मानेवर श्वास आला नाही. कोणी अडवलं नाही. अडतीस मिनिटं दहा सेकंद. मामाची निवड झाली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

सोमवारी सकाळी तो पेढे घेऊन घरी आला. दार उघडताच मामी म्हणाली, "अहो, आधी लीनाकडे बघा."

लीना पंख्याच्या बरोब्बर खाली खाटेवर पडली होती. अंगातून घामाच्या धारा. गादी भिजलेली.

"कालपासून असंच चाललंय. सकाळी आठ वाजल्यापासून. सारखी म्हणते, पंखा लाव. पंखा तर पुरा सोडलाय हो!"

मामाने वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. खाटेवरची चादर फडफडत होती. मामीचा पदर उडत होता.

लीनाच्या कपाळावरची बट मात्र...

हलत नव्हती.

त्याने ताडाचा पंखा उचलला आणि तिच्या तोंडाशी जोरजोरात हलवला. बट तशीच. ती त्याच्याकडे बघत राहिली. "बाबा, हलवा ना पंखा," म्हणाली.



डॉक्टर आले. उष्णतेचा ताप म्हणाले. वाळा झाला, सब्जा झाला, कपाळावर ओल्या पट्ट्या झाल्या. ताप उतरेना. अंगभर घामोळं उठलं. कलकत्त्याचा तो उकाडा, आणि त्यात ज्या जीवाला वाऱ्याची झुळूकच लागत नाही, त्याचं काय होत असेल? पोर दिवसेंदिवस सुकत चालली.

वैशाखात एका संध्याकाळी कालबैशाखी आली. तिकडची वावटळ ती, दिवसभर भाजून काढल्यावर येते आणि सगळी वस्ती गच्चीवर धावते. मामाही लीनाला कडेवर घेऊन वर गेला. बायकांच्या साड्या उडत होत्या, वाळत घातलेले कपडे नदीकडे निघाले होते, पोरं ओरडत नाचत होती.

लीनाचा फ्रॉक सरळ खाली लोंबत होता. रिबिनीचं टोकसुद्धा हलत नव्हतं.

शेजारच्या बंगाली बाईने ते पाहिलं. तिने आपली दोन्ही मुलं धरली आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी मामा बालीगंजला गेला. बापटांना त्याने सगळं सांगितलं.

"तिथे तोंडाने काय बोललास?"

मामाने सांगितलं.

"पोरीची शपथ? अरे गाढवा!" बापटांचा आवाज चढला, आणि मग बसला. "कोण आहे ते मला ठाऊक नाही. कोणी असेल. पण तू त्याचा आडोसा घेतलास ना? मग जा आणि आता तू काप. पहिल्या दगडापासून शेवटच्यापर्यंत. ब्रेकला हात लावायचा नाही. मागे बघायचं नाही."

"आणि तो आलाच नाही तर, रघुनाथराव?"



शनिवारी निघण्यापूर्वी मामाने मामीला समोर बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यामुळेच ते आज आपल्याला कळतंय. मामी रडली, चिडली. "तुमच्या त्या सायकलीला आग लागो," म्हणाली. मग स्वतःच उठून तिने दशम्या बांधून दिल्या. दारातून निघताना तो "येतो" म्हणाला. लीना झोपली होती.

रविवारी सकाळी मामी खाटेशी बसून होती. सव्वासात झाले. साडेसात झाले.

पावणेआठच्या सुमारास...

लीनाची बट हलली.

मामीला आधी भास वाटला. मग सगळेच केस भुरुभुरु उडायला लागले. लीनाने डोळे उघडले आणि हसली. "आई, वारा आला!"

दुपारपर्यंत ताप उतरला. संध्याकाळी पोरीने मागून वरणभात खाल्ला. मामीने देवापुढे साखर ठेवली, आणि मामाची वाट बघत बसली.

सोमवारी मामा आला नाही.

मंगळवारीही आला नाही.

ऑफिसातले चौघं चक्रधरपूरला गेले. शेवटच्या दगडाच्या थोडं पुढे, एका साल वृक्षाला मामाची सायकल नीट टेकवून ठेवलेली सापडली. ओरखडा नाही, रक्त नाही. दशम्या पिशवीत तशाच. पोलिसांनी चार दिवस दरी पिंजून काढली. बूटसुद्धा मिळाला नाही.

सरपण आणणाऱ्या तीन बायका भेटल्या. त्यांनी त्याला चढताना पाहिलं होतं. एकीने तिसऱ्या वळणावर, एकीने मध्यावर, एकीने अगदी वर. तिघींचं म्हणणं एकच. एकटाच होता. पण काहीतरी विचित्र करत होता. उजवं कोपर सारखं बाहेर झटकत होता. पक्ष्याने मोडका पंख झटकावा तसं.

ऑफिसातल्यांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मामीला वाटलं, हात दुखत असेल.

बापट तेव्हा तिथेच होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"ती आमची खूण आहे, वहिनी," ते म्हणाले. "माझा दम संपला, आता तू पुढे ये, अशी मागच्याला खूण."

"मग?"

"मागचा पुढे आला नाही."

मामी मुलीला घेऊन आमच्याकडे आली. लीना मोठी झाली, तिचं लग्न झालं. ती ठणठणीत आहे. बाबा अपघातात गेले, एवढंच तिला ठाऊक आहे. मामीने हे सगळं माझ्या आईला सांगितलं तेव्हा मी तिथे होतो, मोठ्यांच्या बोलण्यात लक्ष नसल्यासारखं दाखवत.

पुढे कामासाठी मी एकदा रांचीहून बसने त्या रस्त्याने उतरलो. सकाळची वेळ होती. बसच्या काचा वाऱ्याने थडथडत होत्या. अकरा किलोमीटर मी मान खाली घालून बसलो. बाहेर बघायची हिंमत झाली नाही.

कारण मला सारखं वाटतं, तो अजून चढतोच आहे. कोपर झटकतो आहे. आणि मागचा काही पुढे येत नाही. त्याला सोडवायचं तर दुसऱ्या कुणीतरी जाऊन त्याच्या पुढे व्हायला हवं.

सायकल मीही चालवतो. घाट मलाही जमतो. मामाने लहानपणी मला मांडीवर खेळवलंय, पहिली सायकलही त्यानेच धरून शिकवली.

मी अजून गेलेलो नाही.