हॅनाच्या नावाचा पुकारा

धुळीच्या वाऱ्यानं आखातातल्या जनाबियाचा रस्ता गिळून टाकला होता. टॅक्सीवाला श्रावस्तीला भलत्याच वळणावर उतरवून निघून गेला होता, आणि ती ओढणी नाकातोंडाशी घट्ट धरून उभी होती. तेवढ्यात एक पांढरी गाडी अगदी तिच्या पायाशी येऊन थांबली.

"कहाँ जाना है, मॅडम?"

"पेल साहब का व्हिला..." म्हणता म्हणता तिला ठसका लागला. "आई गं!"

ड्रायव्हरनं काच पूर्ण खाली केली. "मराठी? बसा की मग! पेल साहेबांचाच ड्रायव्हर मी. अर्धा तास तुम्हालाच शोधतोय."

"मला कसं ओळखलंत?"

"नाही ओळखलं. म्हटलं, या धुळीत उभी राहणारी वेडी एकच असणार."

दातांत वाळू कचकचत होती, तरी ती हसली. आरशातून दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

"मी सुयोग डिंगणकर. गुहागरकडचा. तुम्ही?"

"श्रावस्ती ओव्हाळ. फलटण."

डोळे आरशातून निघून रस्त्यावर गेले. नाव आणि आडनाव ऐकून त्याला जे कळायचं ते कळलं होतं. श्रावस्तीला याची सवय होती. पण थोड्या वेळानं ते डोळे परत आरशात आले... आणि तिथंच ती फसली.

ही पंचाण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. श्रावस्ती एका कंपनीत क्लार्क होती. शुक्रवारी सुट्टी, म्हणून त्या दिवशी ती पेल साहेबांकडे लिहिण्याचं काम करायची. साहेब म्हातारे, बायको ना मूल, डोळे गेलेले, छाती भात्यासारखी वाजायची. मरण्याआधी त्यांना एकच कळायला हवं होतं, आपण कुणाचे कोण. इंग्लंडमधल्या त्यांच्या मूळ गावच्या चर्चनं दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेली दप्तरं होती. बाप्तिस्मे, लग्नं, मयती. त्यांच्या छायाप्रती टपालानं यायच्या. श्रावस्ती भिंग धरून ते मुंग्यांसारखं अक्षर लावायची, साहेबांना वाचून दाखवायची आणि टाइप करायची.

काम झालं की सुयोग तिला जुफैरला, तिच्या खोलीवर सोडायचा.

"आज कोण मेलं?" तो दर शुक्रवारी विचारायचा.

"चौघं. तीन लेकरं, एक बाळंतीण."

"आणि लग्न?"

"एक."

"चला, कुणाचं तरी बरं झालं!"

एका शुक्रवारी तिनं त्याला साहेबांचे पूर्वज विल्यम पेल आणि हॅना ब्राइट यांच्या लग्नाबद्दल सांगितलं. साल सतराशे एक्याण्णव. "तिकडं लग्नाआधी तीन रविवार पाद्री भर चर्चमध्ये दोघांची नावं पुकारायचा. कुणाची हरकत असेल तर उठून सांगा, म्हणायचा."

"तीन रविवार?" सुयोग हसला. "आमच्या वाडीत पहिल्याच रविवारी छप्पर उडालं असतं."

"कुणाची नावं पुकारल्यावर?"

त्यानं गाडीचा वेग कमी केला. मग तो हळूच म्हणाला, "आपली."

श्रावस्तीनं तोंड खिडकीकडे फिरवलं. कान तापले होते. त्या दिवसापासून दोघं एकमेकांना 'अरे', 'अगं' म्हणू लागली.

उन्हाळ्यात एकदा पाण्याच्या बाटल्या घ्यायला दोघं दुकानात शिरली. आत सुयोगच्या खोलीतले दोघं भेटले, त्याच्याच वाडीतले. एकानं डोळा बारीक करून विचारलं, "कोण रे ही?"

"साहेबांची टायपिस्ट," सुयोग म्हणाला. "केरळची आहे."

गार बाटली हातात धरून श्रावस्ती तशीच उभी राहिली. गाडीत बसल्यावर तिनं बाटली न उघडताच मांडीवर ठेवली.

"घरी सांगणार आहे मी," शेवटी तोच म्हणाला. "सुट्टीवर गेलो की... समोरासमोर."

"नाव घेऊन?"

"घेईन गं."

तिनं विश्वास ठेवला. दुसरं काय हातात होतं?

नोव्हेंबरात साहेबांची तब्येत फारच ढासळली. महिनाअखेर त्यांची बहीण त्यांना कायमचं इंग्लंडला नेणार होती. म्हणजे सुयोगचा व्हिसाही खलास. त्याचं गावचं तिकीटसुद्धा निघालं. आणि त्याच आठवड्यात शेवटचं पाकीट आलं, मयतींचं.

त्यात एक ओळ होती. अठराशे नऊ. हॅना ब्राइट, अविवाहित, वय अडतीस.

श्रावस्तीनं दोनदा वाचलं. लग्न झालेली बाई माहेरच्या आडनावानं कशी पुरली? तिनं सतराशे एक्याण्णवचा जुना कागद काढला. छापील नमुना होता. वरच्या अर्ध्यात पुकारा, खालच्या अर्ध्यात लग्नाची तारीख आणि सह्या. खालची शाई उडाली असेल, असं तिनं तेव्हा धरलं होतं. आता भिंग अगदी टेकवून पाहिलं. शाई उडाली नव्हती. तिथं कधी काही लिहिलंच गेलं नव्हतं. वर दोन रविवारांच्या तारखा होत्या, आणि तिसऱ्याच्या जागी जो तिला डाग वाटला होता, ते अक्षर होतं. बापाची हरकत.

तिनं साहेबांना सांगितलं. त्यांनी हात पुढं करून तो कागद चाचपला.

"म्हणजे ती आमची नव्हेच," ते म्हणाले.

"माझी चूक, साहेब. नावं पुकारली म्हणजे लग्न झालं, असं धरून चालले मी."

"त्या पोरीनंही तसंच धरलं असेल... खोड तिला."

श्रावस्तीनं वंशावळीच्या तक्त्यावर हॅनाच्या नावावर रेघ मारली.

"आज कोण मेलं?" सुयोगनं गाडी सुरू करत विचारलं.

"हॅना," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. अठरा वर्षं. तेच गाव, तेच चर्च, आणि विल्यमचा संसार कदाचित समोरच्याच बाकावर.

जुफैर जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, "तुझ्या आईनं मुलगी पाहिलीय ना?"

गाडीला गचका बसला. "तुला... कुणी सांगितलं?"

"तिकीट निघाल्यापासून तू आरशात बघत नाहीस."

"पाहिलीय. पण मी नाही म्हणणार आहे. तिथं गेल्यावर—"

"तिथं गेल्यावर तू गप्प बसशील. तू घरी सांगताना मला आजच ऐकायचंय, सुयोग. माझ्यासमोर. आडनावासकट. नाही जमलं तर रागावणार नाही मी... पण पुढच्या शुक्रवारी टॅक्सीनं येईन."

शुक्रवारी दुपारी त्याचे वडील वाडीतल्या दुकानात फोनची वाट बघत बसायचे. त्या वेळी अर्धी वाडी तिथं असायची, हे श्रावस्तीला ठाऊक होतं. सुयोगलाही. नाक्यावरच्या कार्डाच्या फोनशी तो गेला. नंबर दोनदा चुकला.

"आबा, मी... त्या मुलीकडच्यांना नाही म्हणून कळवा. माझं ठरलंय इथं." त्यानं डोळे मिटले. "श्रावस्ती रामजी ओव्हाळ. फलटणची."

रिसीव्हरमधून दुकानातला गलका ऐकू येत होता. गलका एकदम थांबला.

"ओव्हाळ?"

"होय, आबा. तेच."

"अरे, इथं माणसं उभी आहेत..."

"ऐकू दे त्यांना."

पलीकडं कुणीतरी खाकरलं. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, सपाट. "तर मग विमानातून उतरून इकडं येऊ नकोस. तुझ्या आईला काय सांगायचं ते मी बघतो."

फोन बंद झाला. सुयोग रिसीव्हर तसाच कानाला धरून उभा होता.

"बोललो," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"आता जाऊ कुठं गं?"

बाबांनी निघताना तिला एकच सांगितलं होतं, त्या लोकांतला नको, ते तुला उंबऱ्याआत घेतील पण चुलीपाशी नाही. तिनं मान खाली घातली.

"मीही घरी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "पत्रात तुला 'साहेबांचा ड्रायव्हर' एवढंच लिहिते."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे... मला एकट्यालाच पुढं ढकललंस?"

"हो." तिचे डोळे भरून आले. "कार्ड दे इकडं. आणि हलू नकोस इथनं."

तिनं नंबर फिरवला. फलटणला घंटी वाजत राहिली, वाजत राहिली... मग कुणीतरी उचलला.

"बाबा, श्रावस्ती बोलतेय," ती म्हणाली, आणि तिनं सुयोगचं मनगट गच्च धरलं. "शेजारी कोण उभं आहे, ते आधी ऐका."