दोन बोटांचं उसनं

सन दोन हजार चोवीस, पौष महिना. निफाडकडे थंडीनं द्राक्षाचे मणी तडकत होते, त्या आठवड्यात प्रतिभा विंचूरला नवसाबाईंच्या मळ्यावर देव उसना मागायला गेली.

देव म्हणजे हाड. दगड झालेलं, शेंदरानं लालभडक. नवसाबाईंच्या आजेसासऱ्यानं ते नर्मदेकाठून आणून बांधावर बसवलेलं. प्रतिभानं एका नजरेत ओळखलं: डायनासोरच्या पिल्लाच्या पायाचं. वीस वर्षं ती हेच काम करत होती. झाडाच्या बुंध्यात असतात तशी हाडातही वर्षावर्षाची वलयं असतात. ती मोजून जनावर कोणत्या वर्षी किती वाढलं, ते ती सांगे. मखमलाबादला मेथी पिकवणाऱ्या बापाची पोर, पण तिचं मोजमाप खोडायची परदेशातही कोणाची छाती नव्हती. फक्त पिल्लाचं पहिलं वर्ष तिच्या कामात कोरं राहिलं होतं. तसं हाडच मिळत नव्हतं.

नवसाबाईंनी देवाला वीत लावली, वर दोन बोटं धरली.

"वीत आन दोन बोटं. मोजून देते, मोजून घेईन."

"मावशी, नुसता बघायचाय."

"बघ की. पण पीठ उसनं नेलं तर त्याच वाटीनं फेडतो ना आपण? कमी भरलं तर द्येव आपल्या हातानं वसूल करतो, बाई."

"करू द्या," प्रतिभा हसून म्हणाली.

बघायचं म्हणजे कापायचं. पंचवटीतल्या आपल्या खोलीत तिनं हाडाच्या मधोमध दोन बोटं रुंद तुकडा काढला आणि त्या जागी तंतोतंत प्लास्टर बसवलं. वरून शेंदूर.

हाताखालचा ललित म्हणाला, "मॅडम, म्हातारीला चुना लावताय."

"चुना नाही, प्लास्टर. संग्रहालयात असंच करतात."

"संग्रहालयातला देव नवसाला पावत नाही मॅडम."

"तू तुकडा घास."

तुकडा काचेवर चिकटवून कागदासारखा पातळ केला, भिंगाखाली धरला. पहिलं वर्ष लख्ख दिसलं. प्रतिभानं त्याच दिवशी लिहायला घेतलं. वीस वर्षांचं काम पुरं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, खोलीत ओल्या शेंदराचा वास सुटला. गल्लीत रिक्षांची घरघर चालू होती. तरी तो आवाज वेगळा ऐकू आला. कपाटात देव ठेवलेल्या पेटीतून. दगडावर दगड सावकाश घासावा तसा.

"उंदीर असेल," प्रतिभा म्हणाली.

"उंदीर असा… दमादमानं घासत नाही मॅडम."

ललितनं पेटी तिच्यापुढे टेबलावर आणून ठेवली. तिनं उघडली. प्लास्टरचा तुकडा फडक्यावर निखळून पडला होता. आणि हाड अखंड होतं.

"जोड कुठंय…?" ललितनं हाड उलटंसुलटं करून पाहिलं.

"दुसरं हाड ठेवलंस तू."

"दुसरं आहे कुठं…"

प्रतिभा खुर्चीतून उठली आणि टेबलाला धरून थांबली. डावी टाच जमिनीला टेकेना.

डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे फोटो काढला. "नडगी दोन बोटं कमी आहे. मोडलेली नाही, झिजलेली नाही. जन्मापासूनच असणार."

"अजिबात नाही. नवव्या वर्षी चिंचेवरून पडले, तेव्हा हीच नडगी मोडली होती. सांधल्याची तिरपी रेघ बघा मध्यावर."

डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला. पुन्हा धरला.

"इथं रेघ नाही हो…"

प्रतिभा घरी आली. पेटी मांडीवर घेतली आणि प्लास्टर होतं त्या जागचा शेंदूर नखानं खरवडला. खाली हाड होतं, मध्यावर तिरपी रेघ. मोडून सांधलेली. तिनं बोट फिरवलं. वीस वर्षं जनावरांची हाडं वाचलेलं बोट ते, चुकणारं नव्हतं. हाड कोमट लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विंचूरला गेली. काठी घेतली नाही. बांधावरून लंगडत, पण ताठ मानेनं चालत आली आणि पेटी नवसाबाईंपुढे ठेवली.

"मोजा, मावशी."

नवसाबाईंनी तिच्या पायाकडे पाहिलं. देवाला वीत लावली. वर दोन बोटं धरली.

"भरला," त्या म्हणाल्या. "फिटलं."