केसापेक्षा मजबूत

पहिल्याच भेटीत त्यानं तिचा केस ओढला… आणि तोही यंत्रात घालून!

तसं त्याचं कामच ते. प्रयोगशाळेत कुणी काही नवं बनवलं की ते तुटेपर्यंत ओढायचं आणि आकडा वहीत लिहायचा. सगळे त्याला ओढूमास्तर म्हणत. ती धागे काढायची – जखम शिवायचे, काम झालं की अंगातच विरघळून जाणारे. ते फार लेचेपेचे निघत, म्हणून ती त्यांत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळायची. मग धागा काळाभोर व्हायचा, केसाइतका बारीक. त्या दिवशी पंख्याच्या वाऱ्यानं नमुना उडाला. दोघांनी गुडघ्यांवर बसून फरशी धुंडाळली आणि तो त्यालाच सापडला.

"अभिनंदन! तुमचा आजवरचा सगळ्यात मजबूत धागा," यंत्राकडे बघत तो म्हणाला.

तिनं भिंगातून पाहिलं. तिचे कान लाल झाले. "अहो… हा माझा केस आहे."

"मग धाग्यांचा नाद सोडा. केसच वापरा!"

ती इतकी खळखळून हसली, की तो आकडा लिहायचाच विसरला.

मग ती रोज येऊ लागली. कागदाच्या छोट्या चौकटीत धागा चिकटवून आणायची. चौकट यंत्रात बसली की तो कात्रीनं तिच्या कडा कापायचा आणि सगळा ताण एकट्या धाग्यावर यायचा. धागा तुटायचा. "केस अजून पुढेच आहे हं," तो चिडवायचा. ती हट्टानं आणखी नळ्या घालायची.

"कमी घालून बघा ना," एकदा तो हळूच म्हणाला. "गर्दी झाली की त्यांचे गोळे होतात. धागा तिथेच तुटतोय."

"तुम्ही ओढा, मास्तर. काय घालायचं ते मी बघते," ती फणकारली. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं गुपचूप कमी घातल्या.

तेवढ्यात तिला दूरच्या शहरातल्या कंपनीचं नोकरीचं पत्र आलं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. 'जाऊ नका' म्हणायचं त्यानं चारदा ठरवलं आणि चारही वेळा "छान संधी आहे" म्हणून मोकळा झाला. घरी ताईनं त्याला मूर्ख म्हटलं. ते त्याला पटलंही.

शुक्रवारी तिनं नवा नमुना आणला. त्यानं चौकट बसवली, कात्री उचलली… आणि थबकला. कागदावर छापील अक्षरं होती – 'रुजू होण्याची तारीख'.

"हे… तुमचं पत्र?"

"हो. कागद चांगला जाड होता. सहा चौकटी निघाल्या. नकार सकाळीच कळवला."

"आणि हा धागा तुटला तर?"

"तर उद्या दुसरा आणीन. परवा तिसरा." ती त्याच्याकडे वळली. "तू बोलशील म्हणून वाट बघत बसले असते ना, तर म्हातारी झाले असते."

तू! त्यानं कात्री खाली ठेवली.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "मला तू हवी आहेस… रोज."

"उशिरा का होईना, बोललास. काप आता."

त्यानं कडा कापल्या. आकडा चढत गेला, केसाच्या आकड्याशी पोचला… आणि पुढे गेला. तिनं त्याचा उजवा हात घट्ट धरला, तो सोडलाच नाही. त्यामुळे त्या दिवशीची नोंद वहीत तिच्या अक्षरात आहे. आकड्यापुढे तिनं लिहिलंय, 'केस हरला.'