कोपऱ्यातला मेसेज

"मामा, थांबव त्याला! सगळं पुसतोय तो!"

मामीचा फोन येताच भिंगरी ओरडतच मामाच्या फोटो स्टुडिओत घुसली. मागून तिचा धाकटा भाऊ टिल्लू, पार धापा टाकत.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने माउस सोडला नाही. "व्हायरस आहे. फोटो सुधारला तरी सेव्ह होत नाही. पुसून सगळं नव्याने टाकायचं."

"आणि माझ्या आईचे फोटो?" मामीचा आवाज चिरकला. आई गेल्यापासून ती जुने, फाटके फोटो स्कॅन करून सुधारत बसायची. मूळ फोटोंचा तर हातात घेतले की चुरा व्हायचा!

"पेनड्राइव्हवर घेऊ या," टिल्लू म्हणाला.

"छे! व्हायरस तिकडेही जाईल," दुरुस्तीवाला म्हणाला.

भिंगरीचं डोकं फिरलं. "एकदा माझ्यासमोर सेव्ह कर, मामा!"

मामाने केलं. झालं नाही. तेवढ्यात कोपऱ्यात टुणकन एक मेसेज आला आणि टक्! मामाने तो उडवला.

"काय होतं ते?"

"काही नाही गं. दिवसभर येतात असले. डासासारखे मारायचे!"

"न वाचता? परत कर! टिल्ल्या, मामाचा हात धर!"

टिल्लू हाताला लोंबकळलाच. मेसेज पुन्हा आला. भिंगरीने मोठ्याने वाचला, "सुरक्षेसाठी या प्रोग्रॅमला तुमच्या फोटोंमध्ये बदल करू दिला नाही."

सगळे पडद्याकडे वाकले.

"व्हायरस कसला! वॉचमनने घरच्याच माणसाला दारात अडवलंय!" भिंगरी गर्रकन वळली. "काका, परवा कॉम्प्युटर बघायला तुम्हीच आला होतात ना?"

दुरुस्तीवाला कान खाजवायला लागला. "हो... सिक्युरिटी कडक केली होती. घाईत सांगायचं राहिलं. थांब, बंदच करून टाकतो ती!"

"अजिबात नाही! खरा चोर आला म्हणजे? आपल्या फोटोच्या प्रोग्रॅमला तेवढं आत सोडा."

त्याने निमूटपणे परवानगी दिली. मामीने सेव्ह दाबलं.

झालं! पडद्यावर मामीची आई हसत होती. गालावरून गेलेली फाट गायब! मामीने पडद्यावरून हळूच बोट फिरवलं आणि दोघांना कुशीत ओढलं.

"शाब्बास रे वाघांनो!" मामा म्हणाला. "आम्ही मोठे नुसते..."

टुणकन! नवा मेसेज. मामाचं बोट सवयीने उठलं आणि हवेतच थांबलं.

"थांबा, वाचतो. 'तुमच्या फोटोंची दुसरी कॉपी नाही. आत्ता करायची का?'"

"करायची!" मामी ओरडली. "टिल्लू, आण तुझा पेनड्राइव्ह!"